दुसरा गुरू

माझं लग्न एका गुरूनं अडवलं आणि दुसऱ्या गुरूनं मोडायला आणलं. पहिला आपला नेहमीचा, पंचांगातला. दुसरा दीडशे प्रकाशवर्षांवरचा, कुठल्याशा ताऱ्याभोवती फिरणारा. दोघांचाही माझ्या लग्नाशी काडीचा संबंध नव्हता आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर अजून माझा मलाच राग येतो.

१९९९ साल होतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आमचं गाव आमगावपासून तीन किलोमीटर. सकाळी सायकलनं स्टेशन, तिथून पॅसेंजरनं गोंदिया, संध्याकाळी तसंच परत. घरात बाबूजी, म्हणजे माझे वडील बिसनलाल, माय सुंदरबाई आणि मी. धाकटा भाऊ नागपूरला मावशीकडे शिकत होता. बाबूजींची सारी शेती धानाची. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते बहुतेक बैलांशी.

दिवाळी झाली आणि योगराजचं स्थळ आलं. त्यांचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर, म्हणजे वर्षाला दोन पिकं. आमच्या पोवारांत मुलाकडं आधी बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाहतात, मग मुलगा. बांध्या तर उत्तमच होत्या. मुलगाही बरा निघाला. पाहायला आले तेव्हा त्याच्या वडिलांनी, केवळरामजींनी, माझा स्वयंपाक, उंची, रास सगळं विचारून घेतलं. मग कोणीतरी म्हणालं, "तू बी विचार ना गा काही." योगराजनं मान वर केली आणि विचारलं, "गाडीत बसाले जागा भेटते का?"

मी म्हटलं, "जाताना भेटते. येताना नाही."

एवढंच. पण मला तो आवडला. उगाच लपवण्यात अर्थ नाही.

लग्न मात्र मला परीक्षेनंतर हवं होतं. केवळरामजी म्हणायचे, "शिकू देऊ ना लग्नानंतर, कोन अडवते?" माझ्या वर्गातल्या तीन मुलींना असंच शिकू देणार होते. तिघींच्याही वह्या माझ्याकडं पडून होत्या. कोणी न्यायला आली नाही.

हे मी घरात बोलले का? नाही. बोलायची वेळच आली नाही, कारण गुरू माझ्या मदतीला धावून आला. आमगावचे तिवारी पंडितजी पत्रिका घेऊन बसले, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "बेटी की कन्या राशि है. गुरु मेष में है, अष्टम. गुरुबल नहीं है. जून में गुरु वृषभ में जाएगा, तब देखो."

कन्या राशीपासून मेष आठवी. आठवा गुरू असताना मुलीचं लग्न करत नाहीत. मी फिजिक्सची विद्यार्थिनी, पंचांगाला हसणारी. पण त्या दिवशी मी पंडितजींना दोनदा चहा दिला. जून म्हणजे परीक्षा आटोपलेली. आयतं मिळत असेल तर कोण सोडतं?

केवळरामजींना हे पटलं नाही. त्यांना लग्न फागुनात हवं होतं. उन्हाळी धानाची रोवणी झालेली असते, कापणीला वेळ असतो, माणसं मोकळी असतात. जून म्हणजे पावसाळा, पुढं खरिपाचं धान, म्हणजे सरळ वर्ष गेलं. "आमी वर्सभर नाही थांबू," असं त्यांनी मुन्नालाल मामाजींकडं सांगून ठेवलं. सोयरीक मामाजींनी जुळवली होती. ती मोडली असती तर त्यांचं नाक कापलं गेलं असतं.

मुन्नालाल मामाजी मायचे थोरले भाऊ. आमगावात त्यांचं किराणा दुकान. पुड्या बांधायला रद्दी आणायचे आणि प्रत्येक कागद आधी वाचायचे, मग त्यात जिरं बांधायचे. त्यामुळं त्यांना जगातली प्रत्येक बातमी कळायची, फक्त महिनाभर उशिरा. डिसेंबरच्या शेवटी ते एक हिंदी पेपर खिशात घालून आले. खाटेवर बसले आणि घडी उलगडली.

"भाटोजी," ते बाबूजींना म्हणाले, "दुसरा गुरू सापडला."

बातमी खरीच होती. आपल्या सूर्यमालेच्या बाहेर, एका दूरच्या ताऱ्याभोवती गुरूसारखा एक ग्रह ताऱ्यासमोरून जाताना शास्त्रज्ञांना दिसला होता. पेपरवाल्यानं मथळा दिला होता, 'अंतरिक्ष में मिला एक और बृहस्पति'. आमच्या सरांनी कॉलेजात सांगितलंही होतं. तारा रुपयात दीड पैशानं मंद होतो, ठरल्या वेळेला पुन्हा होतो, त्यावरून समोरून जाणारा ग्रह ओळखला. ऐकून मी दोन दिवस हवेत होते. तोच ग्रह आता मामाजींच्या खिशातून निघेल असं वाटलं नव्हतं.

"हा गुरू पंडितजीनं मोजला का?" मामाजी म्हणाले. "नाही मोजला. त्याईले मालूमच नाही. एक गुरू आठवा आहे, मान्य. पन दुसऱ्याचं बळ असन तं?"

मी हसले. मग समजावायला गेले आणि तिथंच फसले.

"मामाजी, तो गुरू नाही. गुरूसारखा, म्हणजे वायूचा. त्याच्यावर जमीनच नाही. पाय ठेवाले जागा नाही."

"आपल्या गुरूवर आहे का?"

"नाही."

"मंग झालं तं."

माय मध्येच म्हणाली, "वायूचा गोळा? बाप्पा, त्याले ओवा द्या." कोणी हसलं नाही. मामाजी तर न्यायाधीशासारखे बसले होते.

"तो आपल्या गुरूपेक्षा लहान आहे का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलवेना. "मोठा आहे. आकारानं तिसऱ्या हिश्शानं मोठा."

"म्हंजे बळ जास्त. फेरी कितीची?"

"साडेतीन दिवसांची. ताऱ्याच्या अगदी जवळ आहे, भट्टीसारखा तापलेला."

"साडेतीन!" मामाजींनी मांडीवर थाप मारली. "आपले मुहूर्त किती? साडेतीन!"

मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, तो इतका दूर आहे की त्याचा उजेड इथं यायला दीडशे वर्षं लागतात. त्याचं बळ आज निघालं तर माझ्या लग्नाला कसं पोचेल?

मामाजींनी जरा विचार केला. किराणा दुकानदाराला माल कधी निघाला आणि कधी पोचला हे बरोबर कळतं. "दीडशे वर्सापूर्वी जे निघालं," ते म्हणाले, "ते आता पोचून राहिलं ना?"

विद्यापीठाच्या परीक्षकानंही मला कधी असं गारद केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिवारी पंडितजींना बोलावलं. ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पंचांगात नाही ते जगात नाही, असा त्यांचा खाक्या. पण मामाजींनी पेपर पुढं केला, वर शास्त्रज्ञाचा फोटो दाखवला आणि पंडितजी विचारात पडले. आपल्याला ठाऊक नसलेला गुरू पेपरवाल्याला ठाऊक आहे, हे त्यांना लागलं असावं.

"किस राशि में है?" त्यांनी विचारलं.

पेपरात नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"ही सांगन ना," बाबूजी म्हणाले. पहिल्यांदाच ते या प्रकरणात बोलले आणि आवाजात कौतुक होतं. "ही हेच तं शिकून राहिली."

ते कौतुक ऐकून मला रडू आलं असतं. तीन वर्षांत मी काय शिकते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं ते हे.

मी कॉलेजच्या लायब्ररीत गेले. ताऱ्यांचा नकाशा काढला, सरांकडून ताऱ्याची जागा विचारून घेतली. सर खूश झाले. म्हणाले, वर्गात एकीला तरी गोडी आहे. मी नकाशावर पेन्सिलनं खूण केली आणि खाली राशींच्या पट्ट्यात पाहिलं. कुंभ. येताना गाडीत दारापाशी उभी राहून बोटांवर मोजलं. कन्या, तूळ, वृश्चिक, धनू, मकर, कुंभ. सहावी. सहावा गुरू वाईट नसतो. पूजा केली की चालतो. म्हणजे पंडितजी पूजा सांगणार, मामाजी उड्या मारणार, केवळरामजी फागुनातला मुहूर्त काढणार आणि माझ्या वह्या त्या तिघींच्या वह्यांवर जाऊन पडणार.

गुदमा स्टेशन गेलं तेव्हा मी ठरवलं. ज्या गोष्टीला अर्थच नाही तिच्यात खरं काय आणि खोटं काय? मी घरी जाऊन सांगितलं, "मेष."

पंडितजींनी कपाळाला हात लावला. "वो भी अष्टम! दो-दो गुरु अष्टम में." मामाजींचा चेहरा पडला. पेपर घडी करून त्यांनी खिशात घातला. त्यात पुढं काय बांधलं असेल ते असो. मी आत जाऊन पोटभर जेवले. दोन कुलपं लागली होती दाराला. आता जूनशिवाय कोणी हात लावणार नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबूजी ओसरीत बसले होते. मी अभ्यासाला बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "भूमे, आपला गुरू जूनात मेषेतून निघते. हा दुसरा कवा निघन?"

मला इतकं बरं वाटलं! बाबूजी आकाशाबद्दल विचारत होते, मला विचारत होते. मी पुस्तक मिटलं आणि हौसेनं सांगायला लागले. "तो निघत नाही, बाबूजी. आपला गुरू सूर्याभोवती फिरते म्हणून राशी बदलते. हा त्या ताऱ्याभोवती फिरते, अन् तारे आपल्याले जागच्या जागीच दिसतात. तो आहे त्याच राशीत राहन. हजारो वर्सं."

वाक्य संपायच्या आत मला कळलं मी काय बोलले ते.

बाबूजी तंबाखू मळत होते, ती तशीच हातात राहिली.

"म्हंजे जनमभर आठवाच," ते म्हणाले, आणि उठून बैलांकडं गेले.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. मायनं शेजारी कोणालातरी सांगितलं, आणि बाईच्या कानावर गेलेली गोष्ट कालव्याच्या पाण्यापेक्षा आधी पोचते. इटियाडोहच्या पार टोकाला बातमी गेली की बिसनलालच्या पोरीला कायमचा आठवा गुरू आहे, नवा निघालेला, त्यावर उपाय नाही. केवळरामजींचा निरोप आला. रविवारी येतो, समोरासमोर बोलून मोकळं होऊ. बोलणी मोडायलाही ते रीतीनं येणार होते. माणूस सरळ होता.

आता माझ्यापुढं दोनच रस्ते होते. खोटं तसंच ठेवलं तर परीक्षा माझी, योगराज गेला. आणि योगराजच का, जन्माच्या आठव्या गुरूची मुलगी कोण करणार? खरं सांगितलं तर सहावा गुरू, पूजा, फागुन, आणि परीक्षा गेली. तीन रात्री मी हेच दळण दळलं. आकाशातल्या एका गरम वायूच्या गोळ्याला माझ्या घरात मीच आणून बसवलं होतं आणि आता तो जागचा हलत नव्हता. मला भीती वाटत होती आणि स्वतःची लाज वाटत होती. दोन्ही सारखीच.

रविवारी अकराच्या सुमाराला ते आले. केवळरामजी आणि योगराज. मामाजी आधीच येऊन बसले होते, घरात मयत झाल्यासारखे. मी आतल्या खोलीत, दाराआड.

केवळरामजींनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. चहा नको म्हटलं की समजायचं.

"बिसनलालजी, वाईट वाटते," ते म्हणाले. "पोरीत खोट नाही. पन जनमभराचा आठवा गुरू जानूनबुजून घरात कोन आनते? तुमीच सांगा."

बाबूजी खाली पाहत होते. त्यांची ती मान पाहिली आणि मी बाहेर आले. ठरवून नाही आले. पाय निघाले.

"तो ग्रह मेषेत नाही," मी म्हटलं. "कुंभेत आहे. मी खोटं बोलले."

मायनं तोंडाला पदर लावला. मामाजी खाटेवरून अर्धे उठले आणि बोटं मोजू लागले. "कुंभ म्हंजे... सहावा! पूजा करून चालते! पाहा केवळरामजी, मी म्हनत नव्हतो? फागुनात—"

"फागुनात नाही," मी म्हटलं. "माही परीक्षा आहे. मले परीक्षा द्यायची आहे, म्हणून खोटं बोलले. सहावा असो नाही तं आठवा, मले त्या गुरूचं काही नाही. मले पेपर द्यायचे आहेत."

हे बोलले आणि एकदम शांत वाटलं. आता काय व्हायचं ते होवो.

केवळरामजी माझ्याकडं टक लावून पाहत होते. "परीक्षेसाठी आकाशातला ग्रह इकडचा तिकडं केला?"

"हो."

"उद्या आमच्या घरी बी अशीच खोटं बोलशीन?"

"मोकळं बोलता आलं तं नाही बोलनार," मी म्हटलं. "नाही बोलता आलं तं बोलीन."

"भूमे!" माय ओरडली. मामाजींनी डोळे मिटून घेतले. केवळरामजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर चढवली. मला वाटलं, संपलं.

तेव्हा योगराज म्हणाला, "पेपर कवा आहेत?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन महिने आमच्या घरात पंचांग झालं, पेपर झाला, प्रकाशवर्षं झाली, बारा राशी झाल्या. दोन गुरूंचा हिशेब झाला. हे तीन शब्द कोणी उच्चारले नव्हते.

"सहा एप्रिलपासून," मी म्हटलं. "शेवटचा अठ्ठावीसले."

"अन् अक्ती?" त्यानं मामाजींना विचारलं. अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया.

"सहा मे," मामाजी म्हणाले. पंचांगातलं विचारलं की त्यांना झोपेतही सांगता येतं.

"मंग अक्तीले करू. अक्तीले कोनी गुरू नाही पाहत. मुहूर्तच लागत नाही."

"अन् उन्हाळी धान?" केवळरामजी त्याच्यावर उखडले. "अक्तीले धान कापनीवर येते, मालूम नाही का तुले? म्हून तं मी फागुन म्हनून राहिलो."

"धान मी पाहीन. दोन दिवस नवरदेव बांधीत नसला तं धान पळून जात नाही."

केवळरामजींनी मुलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "दोघंही एकाच माळेचे मनी दिसून राहिले," ते म्हणाले. रागानंच म्हणाले. मग मायकडं वळून म्हणाले, "चाय ठेवा बाई. साखर जरा जास्त टाका, डोकं दुखून राहिलं."

माय धावत आत गेली. मामाजींना काय करावं सुचेना, ते योगराजला पान देऊ लागले. मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते. बाबूजी अजून खाली पाहत होते. मला वाटलं, चारचौघांत खोटी ठरले म्हणून त्यांना राग आला असेल. मी तयार होते. त्यांनी मान वर केली.

"तीन वर्सं झाली, तुही सायकल पुसून ठेवतो मी सकाळी," ते म्हणाले. "परीक्षा एप्रिलात असते, मले मालूमच नव्हतं."

सायकल ते पुसतात हे मला मालूम नव्हतं. ती रोज दव पडून आपोआपच स्वच्छ होते, असं मला वाटायचं.

"मी सांगितलंच नाही, बाबूजी," मी म्हटलं.

"हो ना," ते म्हणाले, "अन् मी इचारलं नाही."